तिजोरीत ताज्या तेलाचा वास

१

तिजोरीचं दार बंद होतं, कुलूप शाबूत होतं आणि आतली तिन्ही हत्यारं जागच्या जागी होती. तरीही आत कुणीतरी येऊन गेलं होतं. तिन्हींना ताज्या तेलाचा वास येत होता, आणि ज्यांची ती होती त्या माणसाने गेल्या पाच वर्षांत त्यांना तेलाचा थेंबही लावला नव्हता.

"वास येतोय ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "का मलाच येतोय?"

"येतोय," किल्लीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही जरा मागे सरका. माझ्या उजेडात उभे आहात."

किल्लीबाई तिजोऱ्या विकत, बसवत आणि बिघडल्या की उघडून देत. तीस वर्षांत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनाही सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांनी तीन पिढ्यांना नेमबाजी शिकवली होती. पंच्याहत्तरी गाठली तरी पाठ अशी ताठ होती, की त्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपलाच बाक जाणवावा.

किल्लीबाईंनी तिजोरी नीट पाहून घेतली. पत्रा साडेतीन मिलिमीटरचा. चार बोल्ट थेट फरशीखालच्या काँक्रीटमध्ये गेलेले. कुलूप बटणांचं, सहा आकड्यांचं. आत दोन पिस्तुलं आणि एक रायफल, तिन्ही फडक्यात गुंडाळलेली. ओल शोषणारी पुडी वेळेवर बदललेली. गोळ्या इथे नव्हत्या. त्या सरांच्या झोपायच्या खोलीत वेगळ्या डब्यात होत्या आणि त्या डब्याची किल्ली सरांच्या गळ्यातल्या दोऱ्याला होती.

"चांगली आहे की," त्या म्हणाल्या. "दहापैकी नऊ घरांत याच्या निम्मीही काळजी घेत नाहीत. बदलायची कशाला?"

"मला याहून भक्कम हवी. गुरुवारच्या आत."

"आज सोमवार. भाजी आणायची नाहीये सर, दोनशे किलोचं लोखंड आहे. गुरुवारच का?"

सर एक फडकं पुन्हा गुंडाळू लागले. खोली मागच्या अंगाची होती. एक पलंग, त्यावर ताणून घातलेली चादर, भिंतीला टेबल, टेबलावर काही नाही. कुणीतरी रोज झाडत होतं आणि कुणीच राहत नव्हतं, असल्या खोल्यांची शांतता वेगळी असते.

"बरं," किल्लीबाई म्हणाल्या. "मी गिऱ्हाइकाला आधी एकच विचारते. तिजोरी कुणापासून? चोरापासून असेल तर पत्रा जाड घ्यावा. आगीपासून असेल तर भिंतीत भर असलेली घ्यावी. घरातल्या पोराटोरांपासून असेल तर पैसे कुलपात घालावेत. तुम्हाला कुणापासून हवीय?"

"धाकट्यापासून," सर म्हणाले.

"धाकटा मुलगा? किती वर्षांचा आहे?"

"गेला तेव्हा एक्केचाळीसचा होता."

२

पाच वर्षांपूर्वी या घरात हत्यारं लाकडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असे. एका दुपारी धाकट्याने ती किल्ली काढली. याच खोलीत. पिस्तूल साफ करताना अपघात झाला, असं घराने ठरवलं, आणि त्यानंतर त्या दुपारबद्दल 'अपघात' सोडून दुसरा शब्द घरात कुणी उच्चारला नाही.

हे सरांनी सांगितलं नाही. सर एवढंच म्हणाले, "किल्ली खिळ्याला मी टांगली होती." बाकीचं किल्लीबाईंना त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं.

"तीन रविवार झाले," सर पुढे म्हणाले. "दर रविवारी मी आकडा बदलतो आणि आत मोजतो. पहिल्या रविवारी त्याच्या पिस्तुलाला तेलाचा वास. पुढच्या रविवारी रायफलला. काल माझ्या पिस्तुलाला. तो असंच साफ करायचा. आधी स्वतःचं, मग रायफल, शेवटी माझं. कधी क्रम चुकला नाही."

"आणि घेतलं काय?"

"काहीच नाही."

"मग नवी तिजोरी घेऊन काय होणार? भूत असेल तर ते साडेतीन मिलिमीटरमधूनही येईल आणि दहामधूनही."

सर पहिल्यांदाच थोडे हसले. मग म्हणाले, "बाई, एकदा या घरात हत्यार चुकीच्या हातात गेलं. आता पुन्हा कुणीतरी तिजोरी उघडतंय. घरात माझी नात आहे, एकोणीस वर्षांची. मला दुसरं मरण नको आहे. एवढंच बघा."

आता विनोद करण्यासारखं काही उरलं नाही. किल्लीबाईंनी पिशवीतून तळहाताएवढं यंत्र काढलं, त्याची वायर कुलपाच्या खालच्या खाचेत घातली आणि पडद्यावरच्या ओळी वहीत उतरवल्या. या कुलपाला दार कधी उघडलं, कधी मिटलं आणि किती वेळा आकडा चुकला ते लक्षात राहतं. चुकलेला आकडा काय होता, ते मात्र राहत नाही.

सरांचे रविवार सोडले तर तीनच नोंदी होत्या. तिन्ही मंगळवारच्या, संध्याकाळी पाचच्या सुमाराच्या. पहिल्या मंगळवारी दार अडतीस मिनिटं उघडं, चूक एकही नाही. दुसऱ्या मंगळवारी पंचवीस मिनिटं, चूक एकही नाही. तिसऱ्या मंगळवारी दोन चुका, मग बरोबर आकडा, आणि सगळं मिळून बारा मिनिटं.

"पाचला तुम्ही कुठे असता?"

"फिरायला. साडेचार ते सहा."

"आकडा कुणाला माहीत आहे?"

"मला आणि हिला. माझ्या बायकोला. माझं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्या कुणाला तरी माहीत हवा. लिहून ठेवत नाही मी. लिहिलेला आकडा म्हणजे खिळ्याला टांगलेली किल्लीच. रविवारी जेवण झालं की तिच्या कानात सांगतो."

"त्या तीन आठवड्यांचे आकडे आठवतात?"

सरांनी विचार न करता सांगितले, वर्गात हजेरी घ्यावी तसे. "चोवीस, सोळा, बावन्न. अठरा, पंचेचाळीस, तीस. चाळीस, एकोणऐंशी, बारा."

किल्लीबाईंनी तेही लिहून घेतलं. मग वही मिटताना त्यांना आठवलं, की उद्या मंगळवार आहे.

३

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पुढच्या खोलीत खिडकीशी विणत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांनी त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत असे. बोटं मात्र यंत्रासारखी चालत.

"...सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. थांबा हं, ओळ संपली. बसा. तुम्ही तिजोरीवाल्या ना? पायांवरून वाटलं. हत्यारांची पिशवी घेतलेला माणूस एका बाजूला जड पडतो."

"काकू, तुम्ही तर माझ्या धंद्यात हव्या होतात."

"मंगळवारचं विचारायला आलात."

किल्लीबाईंनी काहीच विचारलं नव्हतं.

"इथून त्या खोलीचं दार आठ पावलांवर आहे," काकू म्हणाल्या. "पहिल्या मंगळवारी बटणं वाजली. टक टक टक, सहा वेळा. मग फडकं झटकल्याचा आवाज. मग तेलाचा वास. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो गेला असता."

"तो म्हणजे?"

"तुम्हाला मूलबाळ आहे का?"

"नाही."

"मग कसं सांगू." त्यांनी लोकरीचा गुंडा चाचपडून जवळ घेतला. "दोन मंगळवार मी इथे बसून ऐकत होते, आणि दोन मंगळवार मी सुखात होते. मग तिसऱ्या मंगळवारी बटणं वाजली आणि पाठोपाठ लांब शिट्टी. चुकला की वाजते ना ती? पुन्हा बटणं, पुन्हा शिट्टी. तेव्हा मला रडू आलं."

"भीती वाटली?"

"भीती कसली. माझा धाकटा आकड्यात कधी चुकायचा नाही हो. दोन शिट्ट्या वाजल्या आणि मला कळलं, हा तो नव्हे."

"मग कोण? जाऊन बघितलं का नाहीत?"

काकूंनी सुया पुन्हा चालवायला घेतल्या. "बघायला मला कुठे येतं," त्या म्हणाल्या. मोजणं मात्र त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही.

४

थोरला मुलगा दातांचा डॉक्टर होता. वरच्याच मजल्यावर राहायचा आणि दुपारी जेवायला खाली यायचा. मंगळवारी त्याचा दवाखाना बंद असे. हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि लगेच हातही वर केले.

"म्हणजे पहिला संशय माझ्यावरच. बारीक अवजारं माझ्याकडे, मंगळवार मोकळा, आणि ती हत्यारं घरातून जावीत म्हणून पाच वर्षं मीच डोकं फोडतोय. घाला बेड्या."

"माझ्याकडे बेड्या नाहीत. कुलपं आहेत. आकडा तुम्हाला माहीत होता?"

"सगळ्यांना माहीत असतो." डॉक्टर हसला. "बाबांनी चाळीस वर्षं मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज पोचवला. त्यांचं कानात सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं. रविवारी आम्ही ताटं उचलत असतो आणि आतून ऐकू येतं, 'ऐक गं, चाळीस, एकोणऐंशी, बारा.' मी आणि पुतणी एकमेकांकडे बघतो आणि भांडी वाजवतो, म्हणजे त्यांना वाटावं की ऐकलं नाही."

"तुम्ही कधी उघडली?"

हसू गेलं. "त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. त्या दिवशी दार मी उघडलं होतं." त्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, खाली ठेवला. "भूतबीत म्हणतात बाबा. म्हणू देत. पण हल्ली मला वाटतं, भुताची त्यांना भीती वाटत नाही. ते त्याची वाट बघतात."

"आणि मंगळवारी पाचला तुम्ही कुठे होतात?"

"वर झोपलेलो. साक्षीदार एक उशी." त्याने घड्याळ पाहिलं. "निघतो. तुम्हालाही जायचं असेल तर कोपऱ्यावरून एकोणसाठ नंबरची बस घ्या. तुमच्या दुकानाजवळच थांबते."

तो गेल्यावर किल्लीबाईंनी वहीत लिहिलं: आकडा घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतो. त्याखाली रेघ मारली. तेवढ्यात मागच्या खोलीतून बटणं वाजल्याचा आवाज आला. टक, टक, टक.

५

त्या धावल्या नाहीत. पन्नाशीच्या गुडघ्यांना तेवढी सवलत द्यावी लागते. पण आठ पावलं त्यांनी चार पावलांत टाकली.

तिजोरीसमोर सरांची नात उभी होती, खांद्याला कॉलेजची पिशवी, आणि बोट बटणांवर.

"आत्याबाई!" ती दचकून म्हणाली. "सॉरी. म्हणजे मी बघत होते की हे यंत्र लावल्यावर बटणं चालतात का."

"आत्याबाई मला अजून कुणी म्हणालं नव्हतं. बरं वाटलं. चालतात. कॉलेज लवकर सुटलं?"

"तास झाला नाही. पाच-नऊ नंबरची बस मिळाली लगेच, नाहीतर अर्धा तास थांबावं लागतं."

ती बापाची एकुलती एक. आईवडील वेगळे झाले तेव्हा ती आईबरोबर परदेशी गेली, शाळा तिकडच्या भाषेत झाली, आणि इथे फक्त सुट्टीला यायची. बाप गेल्यावर तीन वर्षांनी ती आजीआजोबांकडे राहायला आली. हे तिने सरळ सांगितलं, पाठ केल्यासारखं, म्हणजे पुढे कुणी काही विचारू नये.

"बाबांबरोबर पिस्तूल चालवलंस कधी?"

"कधीच नाही. त्यांनी हात लावू दिला तो फक्त साफ करायला. सुट्टीत आम्ही दोघं इथेच बसायचो. ते म्हणायचे, उघडलेलं हत्यार कोरडं बंद करायचं नाही." ती थांबली. पुढचं वाक्य तिने गिळलं.

किल्लीबाईंनी टेप काढली. "मला एक मदत कर. नवी तिजोरी दारातून आत यायला हवी. मी मोजते, तू लिही."

त्यांनी दाराची चौकट मोजली, मग बोळ, मग खिडकीपासूनचं अंतर, आणि एकेक आकडा मोठ्याने सांगितला. एकशे शहाण्णव. एकोणनव्वद. एकशे बारा. त्रेचाळीस. मुलगी भराभर लिहीत होती. मधे एकदा तिचं पेन थबकलं, मग पुन्हा चाललं.

"छान अक्षर आहे," किल्लीबाई कागद घेत म्हणाल्या. कागदावर एकच खाडाखोड होती. दुसऱ्या ओळीत तिने आधी ९० लिहिलं होतं, ते खोडून शेजारी ८९.

किल्लीबाई बराच वेळ त्या खोडलेल्या नव्वदकडे बघत राहिल्या.

"आत्याबाई, काय झालं?"

"काही नाही. तुझे आजोबा फिरायला जायच्या आत सगळ्यांना या खोलीत बोलाव. काकांनाही दवाखान्यातून यायला सांग. ते या खोलीत येत नाहीत, मला माहीत आहे. म्हणावं, आज यावंच लागेल."

६

चार वाजता पाच माणसं त्या खोलीत होती. काकू पलंगावर, नात त्यांच्याजवळ, डॉक्टर उंबऱ्यावर, एक पाय आत आणि एक बाहेर. सर तिजोरीशेजारी उभे.

"मी तिजोऱ्यांतली माणूस," किल्लीबाई म्हणाल्या, "म्हणून कुलपापासून सुरुवात करते. तीन मंगळवार. पहिल्या दोन मंगळवारी आकडा एका झटक्यात लागला. तिसऱ्या मंगळवारी दोनदा चुकला. एकच माणूस दोन आठवडे बरोबर आणि तिसऱ्या आठवड्यात चूक, असं का व्हावं? बोट घसरलं असेल, म्हणून मी आधी सोडून दिलं. मग तिन्ही आकडे शेजारी मांडले. चोवीस, सोळा, बावन्न, अठरा, पंचेचाळीस, तीस. सगळे सरळ. आणि मग आला एकोणऐंशी."

"त्यात काय?" डॉक्टर म्हणाला.

"तुम्हाला काहीच नाही. तुम्ही बससुद्धा एकोणसाठ नंबरची पकडता. काकू टाके मोजताना त्याच्यावरून विचार न करता जातात. पण परक्या भाषेत पाढे शिकलेल्याने बघा. बावन्न, पंचेचाळीस त्याला जमतात. आधी सुट्टा आकडा, मग दहाचा, एवढं कळलं की झालं. एकोणऐंशी मात्र फसवा. नाव ऐंशीचं आणि घर सत्तरीतलं. ऐकून दाबायला गेलं तर आधी एक्क्याऐंशी वाटणार. मग नऊ आणि ऐंशी, म्हणजे एकोणनव्वद. तिसऱ्यांदा कळणार, की ऐंशीला एक कमी. अजून एक चूक झाली असती तर कुलूप दहा मिनिटं बंद पडलं असतं."

काकूंनी चाचपडत नातीचा हात धरला.

"म्हणजे ज्याने उघडली त्याने आकडा पाहिलेला नव्हता, ऐकलेला होता. आणि एकोण म्हणजे काय हे त्या दिवशी इथे, या बटणांसमोर उभं राहून शिकला होता. आज मी एक एकोणनव्वद मोठ्याने म्हणाले. ज्याला येत नाही तो काहीतरी चुकीचं लिहितो. ज्याला पहिल्यापासून येतं तो सरळ लिहितो. हिने आधी नव्वद लिहिलं आणि मग त्यातून एक वजा केला. नुकतंच शिकलेलं माणूस असंच करतं."

नातीने मान खाली घातली नाही. ती आजोबांकडे बघत होती.

"तू?" सर म्हणाले. तो त्यांचा मैदानावरचा आवाज नव्हता.

"थांबा सर. कोण ते सोपं होतं. का, ते अवघड." किल्लीबाई तिजोरीपाशी आल्या. "तुम्ही म्हणालात, काही गेलं नाही. हत्याराला तेल केव्हा लागतं? ते उघडलं की. नुसतं हातात घेऊन कुणी तेल लावत नाही. दर मंगळवारी एक हत्यार उघडलं गेलं आणि पुन्हा जोडलं गेलं. पहिल्याला अडतीस मिनिटं लागली, शेवटच्याला बारासुद्धा नाहीत. हात सरावला. सर, शेवटचं रिकामं पिस्तूल कधी झाडून बघितलंत?"

"या जातीचं रिकामं झाडत नाहीत. गोळी उडवणारी पिन बोथट होते. मी पोरांना पहिल्या दिवशी..." ते थांबले.

"म्हणजे पिन नसली तरी तुम्हाला कळणार नाही."

सरांनी धाकट्याचं पिस्तूल बाहेर घेतलं. फडकं सोडलं. आत गोळी नाही हे दोनदा पाहिलं, चाळीस वर्षांच्या सवयीने. मग टेबलावर ते उघडलं. मिनिटभर फक्त धातूचा बारीक आवाज येत राहिला. डॉक्टरचा दुसरा पाय नकळत आत आला होता.

"नाही," सर म्हणाले. "पिन नाही."

"बाकी दोन्हींतही नसणार. चोर हत्यार नेतो. ज्याला कुणाला इजा करायची आहे तोही हत्यार नेतो. नुसती पिन काढून बाकी सगळं होतं तसं ठेवणारा माणूस हत्याराला भितो. आणि त्याला भीती बाहेरच्या चोराची असती, तर त्याने धावत येऊन तुम्हालाच सांगितलं असतं, सर. सांगितलं नाही, उलट तुम्हाला कळू नये म्हणून तेल लावून, त्याच क्रमाने, पुन्हा गुंडाळून ठेवलं." त्यांनी आवाज खाली आणला. "सकाळी तुम्ही मला म्हणालात, तिजोरी धाकट्यापासून हवी. हिला ती दुसऱ्याच कुणापासून हवी होती."

७

सर पलंगाच्या कडेला बसले. त्यांची पाठ पहिल्यांदा वाकलेली दिसली.

"केव्हा बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात. एका रविवारी दुपारी," नात म्हणाली. "आजी झोपली होती. दार थोडं उघडं होतं. तुम्ही खाली बसला होतात, बाबांचं पिस्तूल मांडीवर. त्यांच्याशी बोलत होतात. म्हणत होतात, येतो रे मी, पाच वर्षं पुरे झाली. आणि गळ्यातली किल्ली काढून हातात धरली होती, गोळ्यांची."

"नुसती धरली होती."

"आबा, मला ते कसं कळणार?"

"मला विचारायचंस."

"काय विचारू? कुठल्या शब्दात?" तिचा आवाज फुटला. "या घरात अपघात सोडून शब्दच नाही! मी बाबांबद्दल बोलायला लागले की काका भांडी वाजवतो, आजी टाके मोजते, तुम्ही फिरायला जाता. मला बाबांनी एवढं एकच शिकवलं होतं, उघडायचं आणि साफ करून बंद करायचं. मला जे येत होतं ते मी केलं."

तिने पिशवीतून एक छोटी डबी काढून सरांच्या शेजारी चादरीवर ठेवली. झाकण कुणीच उघडलं नाही.

"मलाही ऐकू आलं होतं," काकू म्हणाल्या. "तुमचं ते बोलणं. एकदा नाही. चार रविवार."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मी विणत राहिले. वाटलं, मी बोलले तर ते खरं होईल. तिसऱ्या मंगळवारी शिट्ट्या वाजल्या, मला पोरीचे पाय कळले. तरी गप्प बसले. पोरीने जे केलं ते मी करायला हवं होतं. माझे डोळे गेलेत, बोटं नाही."

डॉक्टर भिंतीला टेकला. "बाबा, मी तुम्हाला विका विका म्हणत होतो. का म्हणत होतो ते एकदाही सांगितलं नाही. भीती वाटते म्हणालो असतो तर..." त्याला पुढे जमलं नाही.

किल्लीबाईंना तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण त्यांचं काम राहिलं होतं.

"सर, तुम्ही मला तिजोरी निवडायला बोलावलंत. माझ्याकडे अशी कुलपं आहेत की दोन माणसांनी दोन आकडे टाकल्याशिवाय उघडत नाहीत. चांगली आहेत. पण मी ती तुम्हाला विकणार नाही. ज्या घरात कुणाचं मन इतकं खचलं आहे, त्या घरात हत्यारं नसणं हीच सगळ्यांत भक्कम तिजोरी. तुमच्या क्लबचं शस्त्रागार आहे ना? आजच फोन करा. त्यांच्या माणसाला येऊन रीतसर घेऊन जाऊ द्या. गोळ्यांसकट."

सरांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. तो कानाला अडकला, तेव्हा डॉक्टरने पुढे होऊन सोडवला, लहान मुलाचा सदरा काढावा तसा, आणि किल्ली आपल्या खिशात टाकली.

"फोन तू लाव," सर त्याला म्हणाले. "माझा आवाज आज नीट निघणार नाही."

डॉक्टर बोळात गेला. पलीकडच्या माणसाला तो दोनदा तेच सांगत होता, आजच, हो, आजच. खोलीत सर उघडलेल्या पिस्तुलाकडे पाहत होते.

"तुझ्या बापाचा अपघात झाला नव्हता," ते नातीला म्हणाले.

"माहीत आहे, आबा."

"त्याने स्वतःला संपवलं. तो चार महिने झोपत नव्हता. मला दिसत होतं. मी त्याला म्हणालो, सकाळी पळायला जात जा." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "हे मी आज पहिल्यांदा तोंडाने बोललो."

नात त्यांच्या शेजारी सरकली आणि त्यांच्या हातांवर आपला हात ठेवून बसली. काकूंनी चाचपडत सरांचा खांदा शोधला. डॉक्टर परत आला तेव्हा दारात न थांबता सरळ आत आला.

"तासाभरात येतायत," तो म्हणाला. "आणि बाबा, माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. मनाच्या. उद्या सकाळची वेळ मागून घेतली आहे. मीही येतो."

"दातांसारखं दुखतं का तिथे?"

"जास्त. पण इंजेक्शन नाही."

कुणीतरी हसलं. कोण ते किल्लीबाईंनी पाहिलं नाही. त्या वायर गुंडाळत होत्या.

"गुरुवारी त्याला जाऊन पाच वर्षं होतात," सर म्हणाले, आणि थांबले. तीन पिढ्यांना हुकूम देणाऱ्या माणसाला पुढचे शब्द सापडायला वेळ लागला. "गुरुवारी मला एकटं ठेवू नका."

"मी कॉलेजला जाणार नाही," नात म्हणाली.

"मी दवाखाना उघडणार नाही."

"आणि मी?" काकू म्हणाल्या. "मी कुठे जाते? पंचावन्न वर्षं इथेच तर बसलेय तुमच्याजवळ. तुम्हीच रोज साडेचारला उठून जाता. गुरुवारी जायचं असेल, तर मला बरोबर न्या."